नदीच्या पूर्वेला शून्य

मेलबर्नला आल्यावर पहिल्या वर्षी मी दोन कामं धरली. सकाळी डँडेनॉन्गच्या कारखान्यांच्या भागातल्या एका शेडमध्ये सॅलडची पाकिटं भरायची आणि दुपारी युनिमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीत, बसून आफ्रिकेत कुठे, कधी, किती माणसं मारली गेली ते तक्त्यात भरायचं. पहिल्या कामाबद्दल घरी काहीच बोलले नव्हते. दुसऱ्याबद्दल "प्रोफेसरच्या हाताखाली रिसर्च करते" एवढंच फोनवर सांगायची, आणि आई ते अख्ख्या गल्लीला सांगायची.

त्या वर्षांत आपल्याकडून ऑस्ट्रेलियाला पोरापोरींची रीघ लागली होती. कुणी अकाउंटिंग शिकायला, कुणी स्वयंपाक शिकायला, कुणी नुसतंच यायला मिळतंय म्हणून. मी नांदेडहून भूगोलाची पदवी घेऊन, कॉम्प्युटरवर नकाशे करायला शिकायचं म्हणून आले. डँडेनॉन्ग स्टेशनजवळच्या तीन खोल्यांच्या घरात आम्ही सहा जणी राहायचो. दोघी हैदराबादच्या, तिघी पंजाबच्या. घरात हिंदी, शेडमध्ये इंग्रजी. मराठी फक्त फोनवर.

म्हणून पहिल्या ट्युटोरियलनंतर शिकवणाऱ्या मॅडमनी थांबवून मराठीत विचारलं, "तुझं इंग्रजी ऐकूनच कळलं. मूळची कुठली तू?" तेव्हा मी नांदेडच्या गल्लीपर्यंतचा पत्ता सांगून टाकला. मॅडम पुण्याच्या. वीसेक वर्षं झाली होती त्यांना इथे. वर्गातली सगळी मुलं त्यांना नावाने हाक मारायची. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. त्या महिन्यातच एका रविवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. वरणभात, भरली वांगी, कोशिंबीर. वाढता वाढता त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. डाव क्षणभर हवेतच राहिला.

"छान, छान," त्या म्हणाल्या. "तुमच्यातली मुलं हुशार असतात फार."

ते 'तुमच्यातली' मी वरणभाताबरोबर गिळून टाकलं. निघताना त्यांनी डब्यात वांगी भरून दिली आणि म्हणाल्या, "इथे मला मावशी समज. काही लागलं तर फोन करायचा. संकोच करायचा नाही." ते मात्र मी गिळलं नाही, जपून ठेवलं. पुढचं दीड वर्ष मी त्या एका वाक्यावर काढलं.

त्यांच्या प्रकल्पात मला काम मिळालं तेही असंच, चहा पिता पिता. काम ऐकायला सोपं होतं. आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या भागांत गेल्या काही वर्षांत जिथे जिथे सशस्त्र हल्ला झाला, चकमक झाली, गाव जाळलं गेलं, त्या प्रत्येक घटनेची एक ओळ. तारीख, जागा, कुणी कुणावर, किती गेले, बातमी कुठून आली. अशा हजारो ओळी झाल्या की त्या नकाशावर ठिपक्यांसारख्या टाकायच्या आणि महिन्यामागून महिना पाहायचं: ठिपक्यांचा पुंजका कुठे घट्ट होतोय, कुठे विरळ होतोय, कोणत्या दिशेला सरकतोय. "लढाई एका जागी बसत नाही," मॅडम म्हणायच्या. "ती चालते. आपल्याला तिचा रस्ता शोधायचाय."

मला हे फार आवडलं. माझ्या वाट्याला सुदानचा दक्षिण भाग आला. तो देश तेव्हा अजून एकच होता. वर्तमानपत्रांची कात्रणं, मदत संस्थांचे अहवाल, रेडिओवरच्या बातम्यांची टाइप केलेली भाषांतरं, यांचे गठ्ठे माझ्या टेबलावर असायचे. अडचण पहिल्याच आठवड्यात आली. एकाच नावाची तीन तीन गावं. बातमीत लिहिलेलं असायचं, 'अमुक शहराजवळ', आणि ते 'जवळ' म्हणजे चार दिवसांची वाट असायची. माझ्या आधी काम करणाऱ्या मुलाने असे सगळे ठिपके सरळ जिल्ह्याच्या ठिकाणी टाकून दिले होते. नकाशावर पाहिलं तर वाटावं, सगळी लढाई कलेक्टर कचेरीच्या आवारातच झाली.

आणि मला मदत मिळाली ती शेडमध्ये.

पाकिटांच्या सरकत्या पट्ट्यावर माझ्या शेजारी एक बाई उभी असायची. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी, उंच, कपाळावर बारीक वणांच्या रेघा. शेड म्हणजे एक मोठा फ्रीजच. पहिल्या दिवशी माझे पाय बधिर झालेले पाहून तिनेच सांगितलं होतं, मोजे दोन घालायचे, आतला सुती आणि बाहेरचा लोकरीचा. ती मला 'सिस्टर' म्हणायची. तिची मुलं इथल्याच शाळेत जायची. ती त्यांच्याशी फोनवर स्वतःच्या भाषेत बोलायची आणि मुलं इंग्रजीत उत्तर द्यायची, तेव्हा ती माझ्याकडे बघून डोळे फिरवायची. ती सुदानच्या दक्षिण भागातली आहे हे मला माहीत होतं, पण माझ्या टेबलावरचे कागद आणि ही बाई यांचा संबंध माझ्या डोक्यात यायला दोन महिने लागले. याची मला अजून लाज वाटते.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी नकाशाची प्रिंट काढून तिच्यासमोर पसरली. तिने आधी ती उलटी धरली. मग नदी सापडली, तशी तिने बोटाने नदी वरपासून खालपर्यंत चाचपली.

"हे गाव कुठलं?" मी एक नाव वाचलं.

"कुणाचं?" तिने विचारलं. "या नावाची दोन आहेत. एक गुरंवाल्यांचं, एक मासे पकडणाऱ्यांचं."

बातमीत जाळलेल्या होड्यांचा उल्लेख होता. मी सांगितलं. तिने लगेच नदीच्या पूर्वेला बोट ठेवलं. "मग हे. इथून बकऱ्या घेऊन दोन दिवस. पाऊस असला तर पाच."

तिथून आमचा नेमच झाला. मी रोज चार-पाच नावं घेऊन यायची, ती भाकरीसारखी जाड रोटी खात खात जागा सांगायची. कधी एखादं नाव ऐकून खाणं थांबायचं आणि ती म्हणायची, "हे आज नको." मी कागद घडी करून ठेवायची. तिला वाचता येत नव्हतं, पण नेमका प्रश्न तिनेच आधी विचारला. म्हणाली, "हे सगळं तू कशासाठी लिहितेस, सिस्टर?"

मी खरं मानत होते तेच सांगितलं. "नकाशावर आलं की कुणाला नाही म्हणता येत नाही. तिथे काही घडलंच नाही, असं मग कुणी म्हणू शकणार नाही."

तिने मान हलवली. त्या दिवसानंतर 'हे आज नको' म्हणणं तिने बंद केलं. नको असलेली नावंही सांगू लागली.

वर्षभराने माझ्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. नदीच्या पूर्वेकडचे ठिपके एका महिन्यात अचानक थांबले. आधीच्या महिन्यात दाट आणि मग एकदम काही नाही. मी तिला विचारलं, "तिकडे लढाई थांबली का?" ती हसली, पण चांगलं हसली नाही. तिची धाकटी बहीण तिकडूनच तीन मुलांना घेऊन सीमेपलीकडच्या छावणीत पळून गेली होती, ती याच सुमारास. मग मी बातम्यांचे उगम तपासायला बसले. पूर्वेकडच्या जवळजवळ सगळ्या ओळी एकाच ठिकाणाहून आलेल्या होत्या, तिथल्या एका चर्चच्या छोट्या रेडिओ केंद्राकडून. ते केंद्र बंद पडलं होतं. लढाई चालूच होती, ती सांगणारा माणूस गेला होता.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. जनगणनेची ड्युटी लागली की ते बंद घराला चार चार खेपा घालायचे. शेजारचे गुरुजी अशा घरापुढे सरळ शून्य माणसं लिहून मोकळे व्हायचे. वडील लिहायचे, 'कुलूप'. आमच्या वस्तीतली निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली असायची. शून्य लिहिलं तर ती सरकारच्या लेखी नव्हतीच. मी माझ्या तक्त्यात एक नवा रकाना केला. घटना घडली नाही असं कुणी तरी पाहून सांगितलं असेल तिथे शून्य. सांगायला कुणी उरलंच नसेल तिथे 'माहिती नाही'. मनात मी त्याला कुलूपच म्हणायची. मॅडमना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीनवरच्या ओळी वरखाली फिरवून पाहिल्या.

"हे फार चांगलं केलंस गं," त्या म्हणाल्या. "फार महत्त्वाचं आहे हे. कसं सुचलं?"

मी वडिलांचं सांगितलं, शेडमधल्या बाईचंही सांगितलं. म्हटलं, तिचं नाव अहवालात कुठे तरी यायला हवं. "येईल की," मॅडम म्हणाल्या. "नो वरीज." त्या दिवशी ट्रेनने परत येताना मी इतकी आनंदात होते की एक स्टेशन पुढे गेले.

काम संपलं. मी शेवटच्या परीक्षांना बसले. मॅडमनी पीएच.डी.साठी माझी शिफारस करायचं कबूल केलं होतं. अहवाल छापून आला हे मला ठाऊकच नव्हतं. मला तो दाखवला शेडमधल्या बाईने.

म्हणजे अहवाल नव्हे, एक पत्र. शिफ्ट संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत ती बाकावर बसली होती आणि पाकीट मांडीवर होतं. तिने बहिणीसाठी आणि बहिणीच्या तीन मुलांसाठी व्हिसाचा अर्ज केला होता, त्याचं उत्तर. "मुलाने वाचून दाखवलं," ती म्हणाली. "पण तो म्हणतो ते मला पटत नाही. तू वाच."

मी वाचलं. अर्ज नामंजूर. कारणांच्या परिच्छेदात लिहिलं होतं की अर्जदार आपल्या मूळ भागात परत जाऊ शकते. अलीकडच्या एका अभ्यासानुसार संघर्षाचं केंद्र पश्चिमेकडे सरकलं असून नदीच्या पूर्वेला हिंसक घटनांची नोंद नाही. खाली तळटीप होती. तळटिपेत मॅडमचं नाव, आमच्या युनिचं नाव, आमच्या प्रकल्पाचं नाव.

मी ते दोनदा वाचलं. 

"काय लिहिलंय?" तिने विचारलं.

खोटं बोलायची इच्छा झाली नाही असं म्हणणार नाही. दुसरं काही तरी कारण सांगता आलं असतं. पण तिचा मुलगा तेच वाचून बसला होता. "लिहिलंय की नदीच्या पूर्वेला आता शांत आहे," मी म्हटलं. "आणि ते आमच्या नकाशावरून लिहिलंय."

"कुठल्या?"

"आपण केला त्या."

 तिने पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली, पाकिटात ठेवलं. मग म्हणाली, "मी तुला नावं दिली. माझ्या मेलेल्या माणसांची गावं दिली. तू म्हणालीस, कुणी नाही म्हणू शकणार नाही." इतकंच.  ती उठून गेली, आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर ती दुसऱ्या टोकाला उभी होती.

त्याच दिवशी दुपारी मी लायब्ररीत अहवाल काढून पाहिला. नकाशा सुंदर होता. पश्चिमेला गडद लाल, पूर्वेला स्वच्छ पांढरं. 'माहिती नाही'चा रकाना कुठेच नव्हता. जिथे जिथे मी ते लिहिलं होतं तिथे शून्य भरलेलं होतं. माझं नाव नव्हतं. तिचं तर नव्हतंच. आभारांत 'अनेक विद्यार्थी सहायक' असे दोन-तीन शब्द होते.

मी मॅडमच्या खोलीचं दार वाजवलं. त्या मला बघून हसल्या. "ये गं. चहा घेणार?"

"मॅडम, नदीच्या पूर्वेला शून्य कसं आलं?"

त्या समजल्या. लगेच समजल्या, हेच मला सगळ्यात लागलं. विसर पडला असता, चूक झाली असती, तर चेहरा वेगळा झाला असता.

"अगं, कोऱ्या चौकटींवर गणित चालत नाही," त्या म्हणाल्या. "पुंजका कुठे सरकला ते काढायचं तर प्रत्येक ठिकाणी आकडा लागतो."

"पण तुम्हीच म्हणाला होता, फार महत्त्वाचं आहे."

"आहेच. पण पैसे देणाऱ्यांना उत्तर हवं असतं. 'आम्हाला माहीत नाही' असं नकाशाच्या अर्ध्या भागावर लिहिलं तर कोण छापेल?"

"निदान एक टीप तरी."

"जागा नव्हती."

मी पत्राबद्दल सांगितलं. बहिणीबद्दल, तीन मुलांबद्दल. त्या ऐकून घेत होत्या, पेनाचं टोपण काढत घालत. मग म्हणाल्या, "वाईट वाटतं. पण आपण संशोधन करतो. त्याचा कोण कसा वापर करतो, ते आपल्या हातात नसतं."

"दुरुस्ती छापता येईल."

"तू अजून लहान आहेस." आवाज अगदी मऊ होता, वांगी वाढतानाचा. "हे बघ, तुझं शिफारसपत्र मला याच आठवड्यात पाठवायचंय. आणि परक्या देशात आपल्या माणसांनी एकमेकांच्या विरोधात जायचं नसतं."

जेवणाच्या टेबलावर मी 'तुमच्यातली' होते. आता 'आपल्या'त आले होते. मी चहा न घेता उठले.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. खोटं कशाला सांगू, त्या दोन दिवसांत मी शिफारसपत्राचाच विचार करत होते. आईने गल्लीत सांगून ठेवलं होतं, पोरगी डॉक्टर होणार. तिसऱ्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरवरची जुनी फाइल उघडली. पूर्वेकडची सगळी कुलपं तिच्यात शाबूत होती, प्रत्येक ओळीपुढे रेडिओ केंद्र कधी बंद पडलं तेही होतं. डँडेनॉन्गमध्ये एक वकीलबाई आठवड्यातून एकदा विनाशुल्क सल्ला द्यायच्या. त्यांच्याकडे गेले. त्यांनी सांगितलं, या निर्णयावर अपील नाही, पण नवा अर्ज करता येईल आणि त्याला माझं निवेदन जोडता येईल. "तुझ्या नावाने लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि हे तुझ्या युनिला कळेल. चालेल?"

मी सही केली. मूळ तक्ता जोडला. मग शेडमध्ये गेले आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिला सांगितलं. तिने हात न थांबवता ऐकलं. "वकिलाचा पत्ता दे," म्हणाली. मी दिला.

शिफारसपत्र गेलं नाही. मी तीन ईमेल पाठवले, तिन्हींना उत्तर नाही. पुढे कॉरिडॉरमध्ये समोरासमोर आलो तर मॅडम फोन कानाला लावायच्या. मला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या एका खाणीत नकाशे करण्याची नोकरी लागली. लाल माती, सरळ रस्ते, खड्ड्याची खोली रोज मोजायची. काही वर्षं तिथे काढली. आईला सांगितलं की पीएच.डी.पेक्षा हे बरं. तिने गल्लीत काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

कालगुर्लीत असतानाच एका संध्याकाळी मॅडमचा नवा लेख वाचनात आला. लढाया कशा सरकतात याचाच. नकाशावर काही भाग आता राखाडी रेघांनी भरले होते आणि खाली लिहिलं होतं: येथे घटना नसणे म्हणजे शांतता नव्हे, बातमीचा अभाव. लेखिकेने विकसित केलेली नवी पद्धत म्हणून तिचं कौतुक झालं होतं. लेखात एक उदाहरण होतं, भारतातल्या जनगणनेतल्या कुलूपबंद घरांचं. माझ्या वडिलांचं. मी लॅपटॉप मिटला आणि अंगणात जाऊन उभी राहिले. रडू आलं नाही. शिवी मात्र आली, अस्सल नांदेडची, मोठ्याने. ती तिथल्या कुणालाच कळली नाही.

दुसरा अर्ज मंजूर व्हायला दीड वर्षाच्या वर लागलं. मधले कित्येक महिने बहिणीचा पत्ताच नव्हता. छावणीत सगळ्यांना सांगितलं गेलं होतं की तिकडे आता शांत आहे, परत जा. आणि ती मुलांना घेऊन परत गेली होती, मग पुन्हा पळून छावणीत आली. हे मला वकीलबाईंकडून कळलं. शेडमधल्या माझ्या मैत्रिणीने मला कधी फोन केला नाही.

सुट्टीवर मेलबर्नला गेले होते तेव्हा डँडेनॉन्गच्या बाजारात ती मला भाजीच्या गाळ्यापाशी दिसली. बरोबर तिच्यासारखीच उंच, पण फार वाळलेली एक बाई होती, आणि दोन मुलं. दोनच. मी आकडा मनात मोजला आणि तिने मला मोजताना पाहिलं. तिसऱ्याबद्दल मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

तिने बहिणीला तिच्या भाषेत काही तरी सांगितलं. बहीण पिशवी खाली ठेवून पुढे आली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. काही तरी बोलत होती, डोळे भरून.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"थँक यू म्हणते," ती म्हणाली. "तू पत्र लिहिलंस, ते मी तिला सांगितलंय."

"आणि बाकीचं?"

ती टोमॅटो निवडत होती. एक दाबून पाहिला, परत ठेवला. "बाकीचं नाही सांगितलं," ती म्हणाली. "तिला इथे राहायचंय, सिस्टर. कुणावर तरी विश्वास ठेवायला लागेल ना तिला."